लेकरू रमवायचं की गप्प करायचं? प्रवासातल्या एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढलंय.)

कानात इयरफोन घालून तुम्ही आत्ता एसटीत किंवा रेल्वेत बसला असाल, तर आजचा विषय बहुतेक तुमच्या शेजारच्या सीटवरच बसलेला आहे. बघा जरा. एखादी आई असेल, मांडीवर दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल, लेकराच्या हातात मोबाईल असेल आणि मोबाईलचा आवाज फुल असेल. आणि समोरच्या सीटवरून कुणीतरी आजोबा म्हणत असतील, "आमच्या वेळी नव्हतं बाबा असलं काही."

बरोबर आहे, नव्हतं. मग काय होतं? घराबाहेर पडल्यावर, बैलगाडीत, शेतात, स्टेशनवर, जत्रेत, लेकरं रडायची थांबायची कशी? आई-बापाला तर तेव्हाही कामं होती, आणि लेकरं तेव्हाही कंटाळायची. आज हीच गोष्ट बघायचीय. गाव धरायचंय आपल्या परभणी जिल्ह्यातलं आणि मागं जायचंय साधारण सातशे वर्षं.

निघण्याआधी दोन शब्द खिशात ठेवा. मराठीत आपण म्हणतो 'लेकराला रमवलं', आणि आपणच म्हणतो 'लेकराला गप्प केलं'. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीत रडणं थांबतं. पण रमलेलं लेकरू काहीतरी करत असतं. बघतंय, बोट दाखवतंय, विचारतंय, मोजतंय. गप्प केलेलं लेकरू नुसतं थांबलेलं असतं. माझं म्हणणं असं, की या सातशे वर्षांत साधनं कितीही बदलली तरी हे दोन रस्ते कायम शेजारी-शेजारी चालत आलेत. आजोबांच्या वेळीसुद्धा दोन्ही होते.

गंगाखेडच्या जनीनं काढलेलं चित्र

परभणीहून परळीकडं जाणारी गाडी गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडते. पुलावर गाडी आली की आवाज बदलतो, लोक खिडकीतून नाणी टाकतात आणि डब्यातली सगळी लेकरं एकदम त्या बाजूला धावतात. हे गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं जन्मगाव.

जनाबाईंचा एक अभंग तुम्ही शाळेत किंवा कीर्तनात ऐकलेलाच आहे, ज्यात विठ्ठल लेकुरवाळा आहे. त्यातलं चित्र आज फक्त एका नजरेनं बघा: एक मोठा माणूस ढीगभर लेकरं घेऊन घराबाहेर पडलाय. निवृत्ती खांद्यावर बसलाय. सोपानाचा हात धरलाय. ज्ञानेश्वर पुढं पळतोय, मुक्ताई मागं आहे. कुणी मांडीवर, कुणी कडेवर, आणि नामदेवानं करंगळी धरलीय. हे सगळे संत आहेत हे घटकाभर विसरा. जत्रेला निघालेल्या कुठल्याही घराचं चित्र आहे हे.

आणि त्यात केवढी समज आहे! चालता येतं त्याला पुढं सोडायचं. दमलेलं कडेवर घ्यायचं. ज्याला सगळं बघायचंय त्याला खांद्यावर बसवायचं, कारण गर्दीत लेकराला फक्त माणसांचे गुडघे दिसतात, खांद्यावरून जग दिसतं. ज्याला मोकळीक पाहिजे पण भीतीही वाटते, त्याला करंगळी द्यायची. या चित्रात एकही खेळणं नाही. लेकराला रमवायला आहे ते मोठ्या माणसाचं शरीर आणि समोरचा रस्ता.

एक गोष्ट मात्र मनात टोचते. परंपरा सांगते की जनी स्वतः लहानपणीच घर सोडून पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि तिथं दासी म्हणून राबली. गंगाखेड ते पंढरपूर ही वाट त्या लहान पोरीनं केली. तिला कुणी कडेवर घेतलं असेल का? आपल्याकडं त्याचं उत्तर नाही. पण देवाला लेकुरवाळा करणारी बाई कुठल्या बालपणातून आली होती, हे लक्षात ठेवून तो अभंग पुन्हा ऐका. वेगळा लागतो.

वेताळ का बोलतो?

आता वाटेवरच्या गोष्टी. पायी किंवा बैलगाडीनं प्रवास म्हणजे तास न् तास. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी-गंगाखेडवरूनच जाते. आजही वाटेवरच्या गावांत लेकरं रस्त्याच्या कडेला उभी राहून ती बघतात. अशा वाटेवर वेळ जायला तीन गोष्टी फार चालायच्या: गोष्टी, कोडी आणि भेंड्या. तिन्हींना सामान लागत नाही, अंधारात चालतात आणि गाडीवान गाडी हाकता-हाकता त्यात भाग घेऊ शकतो.

वाटेवरच्या गोष्टींचा बादशहा कोण, सांगा? वेताळ! विक्रम राजा प्रेत खांद्यावर टाकून निघतो, वाट लांब आहे, आणि खांद्यावरचा वेताळ म्हणतो की वाटेचा कंटाळा जावा म्हणून एक गोष्ट सांगतो. या कथा फार जुन्या आहेत. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं लिहिलेल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथातही त्या आहेत. आपल्याकडं त्या घरोघर पोचल्या त्या 'चांदोबा' मासिकामुळं. 'चंदामामा' हे मासिक १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, आणि १९५२ पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून यायला लागलं. बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघताना 'चांदोबा' घेऊन द्यायचा, ही कितीतरी घरांची पद्धत होती. १९७१ मध्ये बालभारतीचं 'किशोर' आलं, त्यानंही तेच काम केलं.

वेताळाची खरी युक्ती शेवटी येते. गोष्ट संपली की तो प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला, तर डोक्याची शकलं होणार! म्हणजे ही अशी करमणूक आहे जी ऐकणाऱ्याला गप्प बसूच देत नाही. आजी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबते आणि विचारते, "मग पुढं काय झालं असेल?" तीच पद्धत. कोड्याचंही तसंच. कोडं घातलं की लेकरू पुढचा अर्धा कोस विचार करतं, तीनदा चुकतं, चौथ्यांदा ओरडतं. आपले जे दोन शब्द आहेत ना, त्यातल्या 'रमवणं' याचा हा नमुना म्हणायला हरकत नाही.

बांधावरची झोळी आणि अफूची गोळी

इथपर्यंत ऐकून "वा, जुना काळ किती छान!" असं वाटत असेल, तर थांबा. आता दुसरा रस्ता.

परभणी हा कापसाचा, ज्वारीचा, तुरीचा जिल्हा. खुरपणी आणि कापूस वेचणी हे मुख्यतः बायकांचं काम. अंगावर पिणारं लेकरू असलेली बाई शेतात जाते तेव्हा बांधावरच्या लिंबाला किंवा बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधते. झोळी फार हुशार वस्तू आहे. सावलीत असते, मुंगी-विंचवापासून वर असते, वाऱ्यानं हलते आणि लेकराला पानांतून हलणारं ऊन दिसतं. पण झोळीला दोरी असते आणि ती दोरी ओढायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा सहा-सात वर्षांची थोरली बहीण.

ही थोरली बहीण म्हणजे आपल्या इतिहासातली सगळ्यात जास्त काम केलेली आणि सगळ्यात कमी नोंद झालेली करमणूकदार. तिनं पानांच्या पिपाण्या केल्या, चिखलाचे बैल केले, चिऊचा घास, काऊचा घास करत भाकरी भरवली. लेकरू खरंच रमलं. पण ती शाळेत नव्हती. एका लेकराला रमवायची किंमत दुसऱ्या लेकरानं दिली, हे हिशेबात धरलंच पाहिजे.

आणि जिथं थोरली बहीणही नव्हती, झाडही नव्हतं, तिथं काय? त्यासाठी जरा मुंबईला जाऊ, कारण कोकणातून, घाटावरून पोटासाठी मुंबईला गेलेल्या बायका कापडगिरण्यांत आठ-दहा तास उभ्या राहायच्या. तान्हं लेकरू चाळीच्या खोलीत, नाहीतर गिरणीच्या आवारात. त्या वेळी एक वस्तू मिळायची: बाळगोळी. आपली बाळगुटी नव्हे हां! बाळगुटी म्हणजे वेखंड, जायफळ, मुरडशेंग सहाणेवर उगाळून देतात ती. बाळगोळीत अफू असायची. गोळी दिली की लेकरू दिवसभर झोपायचं. गिरणगावातल्या या सवयीवर १९२० च्या दशकात डॉक्टरांनी लिहिलं, आणि ब्रिटिश सरकारनं कामगारांच्या स्थितीवर नेमलेल्या व्हिटली आयोगानंही १९३१ च्या अहवालात तिची दखल घेतली.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाचं औषध विकलं जायचं. दात येताना लेकरू किरकिर करतं, त्याला शांत करायला. त्यात मॉर्फिन होतं, म्हणजे अफूचंच पोर. कित्येक लेकरं त्यातून उठलीच नाहीत. १९०६ मध्ये तिथं कायदा झाला की बाटलीवर आत काय आहे ते छापायचं, आणि तेव्हा कुठं आयांना कळलं आपण काय पाजतोय.

आता त्या गिरणीतल्या आईला वाईट म्हणायचं का? तिचं लेकरावर प्रेम नव्हतं का? होतंच. तिच्याकडं वेळ नव्हता, माणूस नव्हतं आणि मालक लेकराची सोय करत नव्हता. म्हणून उपाय काय निघाला बघा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात अट आली की ठराविक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर कारखान्यानं पाळणाघर ठेवायचं. म्हणजे गोळीला पर्याय म्हणून उपदेश आला नाही, एक खोली आणि एक सांभाळणारी बाई आली. पण हा कायदा कारखान्याचा. परभणीच्या बांधाला तो लागू नव्हता. तिथं झोळीच राहिली, आणि झोळीची दोरी थोरल्या बहिणीच्या हातात राहिली.

खिडकी

आता रेल्वेत बसू. परभणीवरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद ही लाईन निजामाच्या राज्यात १९०० च्या आसपास सुरू झाली. मीटरगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर एक मीटर, आणि ओढायला कोळशाचं इंजिन. पूर्णा हे या भागातलं मोठं जंक्शन. ते गावच रेल्वेवर वाढलं. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं ते १९९० च्या दशकात. म्हणजे तुमच्या आई-बाबांचं लहानपण त्या छोट्या गाडीतच गेलं.

या गाडीनं लेकरांना एक नवी वस्तू दिली: खिडकी. बैलगाडीतून झाड दिसतं ते हळूहळू जवळ येतं. रेल्वेच्या खिडकीतून झाडं पळतात! जवळची जोरात पळतात, लांबची सावकाश, आणि चंद्र तर गाडीबरोबरच चालतो. का? हा प्रश्न न विचारलेलं लेकरू शोधून सापडायचं नाही. भौतिकशास्त्राचा पहिला धडा डब्यात, फुकट. मग तारेचे खांब मोजायचे, मालगाडी आली की डबे मोजायचे, सेलू, मानवत रोड अशी स्टेशनं पाठ करायची, पिवळ्या बोर्डवरची अक्षरं लावत बसायचं. खिडकीतून डोकं काढलं की इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात जाणार आणि मग पदराला फुंकर मारून डोळा शेकायचा, हेही त्यात आलंच.

आणि एसटी. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनंच १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांवर बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. पुढं मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, आणि १९६१ मध्ये इथली बससेवा एसटी महामंडळात मिसळली. लाल डब्यात लेकरांसाठी मुद्दाम ठेवलेलं असं काहीच नव्हतं, तरी सगळंच होतं. मागच्या सीटवर बसलं की खड्ड्यात उडायला मिळायचं. कंडक्टर तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं टक-टक करत यायचा. दोरी ओढली की टिंग-टिंग, आणि लगेच एवढं मोठं धूड हलायचं! किती लेकरांनी तेव्हा ठरवलं असेल की मोठेपणी कंडक्टरच व्हायचं.

मध्ये गाडी थांबली की स्टँडवर रसवंती. चरकाला घुंगरू बांधलेले असतात ना, ते उगीच नाहीत. घुंगरू वाजले की लेकरू तिकडं बघतं, लेकरानं बघितलं की बापाचा हात खिशात जातो. जाहिरातशास्त्र! तशीच गोळ्या-बिस्किटांची गोष्ट. मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या रावळगाव साखर कारखान्याच्या गोळ्या कित्येक दशकं महाराष्ट्राच्या प्रवासात चघळल्या गेल्या. गोळी म्हणजे तोंड बंद करायचं साधन, मान्य. पण ती दहा मिनिटांत संपायची आणि तोंड पुन्हा बोलायला मोकळं व्हायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यातली माणसं. रडणारं लेकरू तेव्हा फक्त आईचं नसायचं. समोरची बाई पिशवीतून मुरमुरे काढायची, कुणी मामा रुमालाचा उंदीर करून दाखवायचे, कुणी "तुझं नाव काय, कितवीत आहेस" सुरू करायचं. याचीही दुसरी बाजू होतीच. "रडलास तर पोलीस येईल", "त्या बाबाच्या झोळीत टाकीन", हेही त्याच डब्यात चालायचं. बागुलबुवा हासुद्धा गप्प करण्याचाच उपाय. बिनपैशाचा, आणि रात्री स्वप्नात येणारा.

उरूस: जिथं बाहेर पडणं हीच करमणूक

परभणीचं लेकरू बाहेर कुठं जायचं? दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. खेड्यातून गाड्या भरून लोक यायचे, अजूनही येतात. आणि इथं प्रश्नच उलटा होतो. प्रवासात लेकरू कंटाळू नये म्हणून रमवावं लागतं. उरुसात ते इतकं रमतं की घरी न्यायची पंचाईत.

भिंगरी, पिपाणी, फुगा, कागदाचा साप, पत्र्याची शिट्टी. जत्रेच्या खेळण्यांची एक गंमत आहे, ती जवळजवळ सगळी चालवावी लागतात. भिंगरी धरून पळालं तरच फिरते, पिपाणी फुंकली तरच वाजते. आणि पाळणा! जत्रेतला लाकडी रहाटपाळणा माणसं हातानं फिरवायची. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं १६२० मध्ये तुर्की साम्राज्यातल्या, आजच्या बल्गेरियातल्या एका शहरात असे पाळणे बघून लिहून ठेवले. शिकागोमध्ये फेरिसचं लोखंडी चाक उभं राहिलं १८९३ मध्ये. म्हणजे आपल्या जत्रेतला पाळणा त्या जुन्या घराण्यातला.

जत्रेत आणि बसस्टँडवर आणखी एक करमणूक असायची: मदारी, माकडवाला, डोंबारी. माकडं आणि अस्वलं नाचवण्यावर सरकारनं १९९८ मध्ये बंदी आणली, आणि ते बरंच झालं. पण डोंबाऱ्याचा खेळ आठवा. दोरीवर चालायची ती आठ वर्षांची पोर. खाली आपल्या बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवणारं लेकरू जवळपास तिच्याच वयाचं. तिची शाळा कुठं होती, तिला कोण रमवत होतं? खाली ताटली फिरायची, नाणी पडायची, खेळ पुढच्या गावाला जायचा.

असंच दसऱ्यानंतर बीड-परभणी भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं. सामानाच्या ढिगावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली लेकरं. त्यांचा प्रवास तासांचा नसतो, महिन्यांचा असतो. कोपीवरच्या लेकरांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, पण प्रत्येक फडावर त्या पोचल्या असं नाही.

कुरणात गेलेली शाळा

या सगळ्यावर विचार करून काहीतरी उभं करणारं कुणी होतं का? होतं. ताराबाई मोदक. परभणीपासून लांब, आजच्या पालघर जिल्ह्यात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, सोबत अनुताई वाघ. तिथली आदिवासी लेकरं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला आणि धाकट्यांना सांभाळायला जायची. आपली झोळीची दोरी ओढणारी बहीण आठवतेय ना? तीच गोष्ट.

मग ताराबाई-अनुताईंनी काय केलं? लेकरांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच त्यांच्याकडं नेली. वस्तीच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. खेळणी कुठली? बिया, पानं, शंख-शिंपले, खडे, माती. लेकरू जिथं आहे तिथं, हाताशी जे आहे त्यातून, आणि बरोबर एक जागं मोठं माणूस. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज परभणीच्या खेड्यात जी अंगणवाडी आहे, तिच्या नावात ही गोष्ट आहे. तिच्यामुळं किती थोरल्या बहिणींच्या हातातली दोरी सुटली, याचा विचार करा.

आणि मग मोबाईल

भारतात मोबाईलवरून पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. १९९७ मध्ये नोकियाच्या फोनमध्ये सापाचा गेम आला, आणि फोन ही खेळायची वस्तू आहे हे लेकरांना कळलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोनेक वर्षांत परभणीच्या एसटीत कार्टून वाजायला लागली.

आता प्रश्न येतो: मोबाईल म्हणजे वेताळाची गोष्ट की बाळगोळी?

अफूशी थेट तुलना मी करणार नाही, ती चूक होईल. अफूनं लेकरं मरायची. पण वापरण्याची वेळ मात्र सारखी आहे. आई दमलीय, काम पडलंय, मदतीला माणूस नाही, लेकरू रडतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास केला, तो डिसेंबर २०२२ मध्ये छापून आला. त्यांनी नुसते तास मोजले नाहीत. लेकरू चिडलं की त्याला शांत करायला फोन दिला जातो का, हे विचारलं. जिथं हे वारंवार होत होतं तिथं काही महिन्यांनी मुलांच्या भावना जास्त भडकताना दिसल्या, खास करून मुलग्यांमध्ये. कारण सरळ आहे. रडू आवरायचं कसं हे शिकायची संधी प्रत्येक वेळी फोननं घेतली.

म्हणजे पुन्हा आपले तेच दोन शब्द. त्याच फोनवर नातवाला मांडीवर घेऊन आजी गावाकडच्या मामाला व्हिडिओ कॉल लावते, "बघ, मामाची म्हैस बघ" म्हणते, ते रमवणं. आणि रडतंय म्हणून त्याच्या हातात फोन कोंबून आपण दुसरा फोन काढतो, ते गप्प करणं.

एक गंमत बघा. आज एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तिकीट नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या लेकराला आधीपासूनच अर्धं. म्हणजे आजी फुकट, आई अर्ध्यात, लेकरू अर्ध्यात! गोष्ट सांगणारी, ऐकणारं आणि मधे हसणारी, तिघं एकाच सीटवर बसवायची सोय सरकारनं नकळत करून ठेवलीय. खिडकी तर तिथंच आहे, काच जरा मळकी असेल.

आणि समोरच्या सीटवरच्या आजोबांनाही एक सांगायचंय. तुमच्या वेळी लेकरू आईनं एकटीनं सांभाळलं नाही. थोरल्या बहिणीनं सांभाळलं, डब्यातल्या मामानं सांभाळलं, मुरमुरे देणाऱ्या अनोळखी बाईनं सांभाळलं. आज त्या आईच्या आजूबाजूला पन्नास माणसं बसलीयत आणि पन्नासही जण आपापल्या फोनमध्ये आहेत. मी आणि तुम्ही धरून. मग तिनंच तेवढा फोन काढला, तर बोट तिच्याकडंच कसं?

तेव्हा या भागाचं घरकाम. पुढच्या प्रवासात शेजारी लेकरू किरकिरायला लागलं, तर एक कान मोकळा करा आणि त्याला एक कोडं घाला. कोडं येत नसेल तर घरी आजीला विचारा, तिच्याकडं दहा तरी निघतील. तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, आपण त्यांचा एक आख्खा भाग करू. फक्त उत्तर पाठवू नका, ते ऐकणाऱ्यांना शोधू दे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!